नामवंतांचा व्यायामसल्ला: सँडो, औंध आणि पुढे

कमावलेले शरीर लोकांपुढे ठेवून व्यायामाचा सल्ला विकायचा, हा धंदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याला घडण दिली ती युजेन सँडोने. सँडो 1867 साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मला. 1889 मध्ये लंडनमध्ये सॅम्पसन या नामांकित बलदंडाला त्याने भर नाट्यगृहात हरवले आणि त्याचा बोलबाला झाला. 1893 मध्ये शिकागोत विश्वप्रदर्शनाच्या निमित्ताने झीगफेल्ड या खेळ-संयोजकाने त्याचे खेळ लावले. वजने उचलण्याच्या प्रयोगांपेक्षा प्रेक्षकांची नजर त्याच्या स्नायूंवरच खिळते, हे झीगफेल्डने हेरले. पुढच्याच वर्षी एडिसनच्या कॅमेऱ्याने त्याच्या शरीराची चलत्‌चित्रे टिपली.

यानंतर सँडो सल्लागार झाला. 1897 मध्ये त्याचे ताकद कमावण्यावरचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्याची व्यायामसंस्था उभी राहिली. 1898 मध्ये मासिक सुरू झाले. स्प्रिंगचे डंबेल्स, ताणायचे रबरी पट्टे, टपालाने शिकवणी, पुढे कोको असा माल त्याच्या नावावर खपू लागला. 1901 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा त्याच्याबरोबर परीक्षक म्हणून लेखक आर्थर कॉनन डॉयल बसले होते. 1911 मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहाने त्याला व्यायामशास्त्राचा राजप्राध्यापक नेमले. एकाची कीर्ती दुसऱ्याच्या शब्दाला वजन देते आणि त्या वजनावर माल विकला जातो, ही रीत तेव्हाच पक्की झाली.

सँडोचे शरीर खरे होते. त्यात फसवणूक नव्हती. हार्वर्डचे डॉ. डडली सार्जंट यांनी 1893 मध्ये त्याची मोजमापे घेतली आणि इतके परिपूर्ण शरीर आपण पाहिले नसल्याची ग्वाही दिली. पण ही ग्वाही त्याच्या शरीराबद्दल होती, त्याच्या शिकवणीबद्दल नव्हती. सँडोची ताकद अटिला या उस्तादाच्या हाताखाली जड वजने उचलून आणि वर्षानुवर्षे रंगमंचावर खेळ करून आली होती. उपजत बांध्याचा वाटाही होताच. लोकांना तो विकत होता ते मात्र हलके डंबेल्स. फिलाडेल्फियाचे ॲलन कॅल्व्हर्ट यांनी पुढे ही विसंगती चव्हाट्यावर मांडली: जड वजनांनी घडलेला माणूस हलक्या वजनांची जाहिरात करतो. आपण लहानपणी अशक्त होतो, रोममधले प्राचीन पुतळे पाहून प्रेरणा मिळाली, असे सँडो सांगत असे. आधीचा दुबळा आणि नंतरचा बलवान अशी ही कथा आजही वजन उतरवण्याच्या प्रत्येक जाहिरातीत असते, फक्त दुबळ्याच्या जागी स्थूल माणूस आला आहे.

1904-05 च्या सुमारास सँडो हिंदुस्थानात आला, पण त्याची पुस्तके आणि साधने त्याआधीच येथे पोहोचली होती. औंध संस्थानचे बाळासाहेब ऊर्फ भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी 1897 मध्ये सँडोची साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या सूचनेबरहुकूम व्यायाम केला. नंतर मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून 1908 पासून त्यांनी केवळ सूर्यनमस्कार धरले. 1909 मध्ये ते गादीवर बसले आणि संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेमाने होऊ लागले. 1928 मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. 1938 मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्याची नवी आवृत्ती संपादून लंडनला प्रसिद्ध केली.

पंतप्रतिनिधीही नामवंतच, राजाचा शब्द म्हणून त्यांचा सल्ला ऐकला गेला. पण त्यांच्या सल्ल्याला ना यंत्र लागे, ना वर्गणी, ना ऐसपैस जागा. सतरंजीएवढ्या जागेत घरातल्या बायका-मुलांनीही करावा असा तो व्यायाम होता, आणि सांगणारा तो स्वतः रोज करत होता. येथवर त्यांचा सल्ला सँडोच्या सल्ल्यापेक्षा नक्कीच विश्वासार्ह ठरतो. मात्र नमस्कारांनी नाना विकार बरे होतात असे त्यांनी लिहिले, तेथे त्यांचा आधार स्वतःचा व आप्तेष्टांचा अनुभव एवढाच होता. त्याच काळात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापून क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या मोजणीने आसनांचा व बंधांचा परिणाम तपासायला घेतला. महाराष्ट्राला या इतिहासात अभिमान वाटावा अशी गोष्ट हीच आहे.

पुढे छापील पुस्तकांची जागा पडद्याने घेतली. 1982 मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांच्या व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि घराघरांत पोहोचली. बकाबका खाऊन उलटी करून टाकण्याचा विकार आपल्याला तारुण्यात अनेक वर्षे होता, हे फोंडा यांनी नंतर धैर्याने सांगितले. 1988 मध्ये अमेरिकी मुलाखतकार ओप्रा विन्फ्री यांनी द्रव आहारावर सुमारे 30 किलो वजन घटवून तितकी चरबी हातगाडीवर घालून आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आणली. ते वजन लवकरच परत आले. 2015 मध्ये त्यांनी वजन घटवणाऱ्या एका कंपनीचे सुमारे 10 टक्के भाग घेतले आणि 2023 च्या डिसेंबरात आपण वजनासाठी औषध घेत असल्याचे जाहीर केले. दोघींच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी. पण त्यांचे ऐकून तीच वाट धरणाऱ्यांना ही माहिती वर्षानुवर्षे मिळाली नव्हती. वजन हे खाणे, हालचाल, झोप, वय, अनुवंश आणि औषधे या सर्वांवर ठरते. त्यांपैकी पडद्यावर दिसते ते फार थोडे.

भारतीय कायद्याने फसव्या सल्ल्याचा हा धोका टप्प्याटप्प्याने ओळखला. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या विकारांवरच्या औषधांची जाहिरात रोखली, त्यांत लठ्ठपणाही आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत दिसणाऱ्या नामवंताला 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. दाव्याची आधी नीट खातरजमा केली असेल तरच त्याची सुटका होते. ऑगस्ट 2023 च्या केंद्रीय सूचनांनुसार, वैद्यकीय पात्रता नसलेल्या नामवंताने आरोग्याविषयी दावा करताना आपले म्हणणे डॉक्टरी सल्ल्याच्या जागी धरू नये असे स्पष्ट सांगायला हवे. पाणी भरपूर प्या, नियमित व्यायाम करा, असा कोणत्याही मालाशी न जोडलेला सर्वसाधारण सल्ला मात्र या अटीतून मोकळा आहे.