देवाचा न्याय (ख्रिस्ती मत)

पापाबद्दल प्रत्येकाला देवापुढे जाब द्यावा लागेल, ही ख्रिस्ती श्रद्धा. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25व्या अध्यायात या न्यायाची कसोटी रोजच्या जगण्यातली आहे: भुकेल्याला खाऊ घातले का, आजाऱ्याची विचारपूस केली का. पौलाच्या रोमकरांस पत्रानुसार या कसोटीवर कोणीच निर्दोष ठरत नाही; सुटका होते ती ख्रिस्ताच्या कृपेने. या दोन शिकवणींचा मेळ घालण्यात ख्रिस्ती माणसाचे आयुष्य जाते.

हा विचार चांदा जिल्ह्यातही (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) पोहोचला. या जिल्ह्याशी संबंध आलेले या विषयावरील ठळक नाव म्हणजे नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे (1825–1895). काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूर यांच्या ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून 1844–45 मध्ये संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. एका जन्मातल्या पापासाठी न संपणारी शिक्षा देणारा देव न्यायी कसा? आणि पूर्वकर्म मानायचे नाही, तर जन्मतःच कोणी सुखी व कोणी दुःखी का? या धाटणीचे त्यांचे आक्षेप आजही ताजे वाटतात. स. ल. कात्रे यांनी हा ग्रंथ 1951 साली उज्जैनहून संपादून काढला.

1848 साली जौनपूरला गोरे यांचा बाप्तिस्मा झाला, पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. सार्वकालिक शिक्षेवरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका त्यांनी 1868 मध्ये लिहिली. म्हणजे तरुणपणी स्वतःच घेतलेल्या हरकतींना ते मध्यमवयात सामोरे गेले. असे प्रांजळ उदाहरण भारतीय धर्मविचारात विरळे. 1870च्या दशकाच्या आरंभी ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या चांदा मिशनमध्ये होते. शंका त्यांना अखेरपर्यंत छळत राहिल्या. राहणी कमालीची साधी, उपवास कडक आणि स्वतःच्या दोषांची तपासणी अखंड. न्यायावरील श्रद्धा त्यांच्या दिनक्रमात दिसत असे.

दंडानंतर पुन्हा जवळ करण्याची कल्पना या मुलखाला परकी नव्हती. जातीबाहेर टाकलेल्या गोंडाकडून जेवणावळ घेऊन त्याला पंगतीत परत बसवण्याची रीत रसेल व हिरालाल या जाती-जमातींच्या अभ्यासकांनी 1916 साली नोंदवली आहे. चर्चमध्ये पश्चात्तापानंतर प्रभुभोजनाला परत येणे याच्याशी तिचे नाते जोडून पाहण्यासारखे आहे.

कॅथलिक परंपरेत या पश्चात्तापासाठी पापनिवेदन हा संस्कार आहे. या मुलखात त्या परंपरेतील सिरो-मलबार पंथाच्या चांदा धर्मप्रांताची सुरुवात 1962 सालची. त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूर.