शिक्षणखात्यांतील एतद्देशीय

इंग्रजी अमदानींतील शिक्षणखात्यांत एतद्देशीयांना किती वाव मिळाला, या प्रश्नाचें उत्तर बहुधा वरच्या जागा मोजून दिलें जातें. ती मोजणी उद्बोधक आहे यांत शंका नाहीं. रत्नागिरीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृतची हंगामी प्राध्यापकी कांहीं वर्षें सांभाळली; परंतु कायमची जागा 1873 मध्यें विलायतेहून आलेल्या पीटर्सन साहेबांस मिळाली. भांडारकरांना डेक्कन कॉलेजांतील प्राध्यापकी लाभण्यास 1882 साल उजाडावें लागलें. 1896 मध्यें तर खात्याचे दोन वर्गच करण्यांत आले: विलायतेंत भरती होणारा वरिष्ठ, आणि हिंदुस्थानांत भरती होणारा प्रांतिक. विद्वत्तेपेक्षां नेमणुकीचें ठिकाण श्रेष्ठ ठरलें.

परंतु हा हिशेब पुण्यामुंबईचा झाला. बोरघाटाच्या पायथ्याशीं असलेल्या कर्जत-खालापुराकडून पाहिलें असतां प्रश्नाचें दुसरेंच अंग दिसतें. येथील रयत म्हणजे कुणबी, आगरी, आणि डोंगरांतील वाड्यांवर राहणारे ठाकूर व कातकरी. खेड्यांतील मराठी शाळेंत शिकवावयास साहेब येत नसे. तेथील पंतोजी एतद्देशीयच असे. मग तेवढ्यानें खेड्याचें प्रतिनिधित्व झालें, असें म्हणतां येईल काय?

1882 मध्यें हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक सारे ब्राह्मण आहेत व त्यांचा पगारही तुटपुंजा आहे, असें त्यांनीं सांगितलें. शेतकरी वर्गांतूनच शिक्षक तयार करावे, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील, आणि त्यांस दरमहा निदान 12 रुपये द्यावे, अशी त्यांची मागणी होती. या दोन गोष्टी एकमेकींवांचून निष्फळ होत्या. कारण पोटापुरतें वेतन नसेल तर शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा त्या नोकरीकडे वळणार कसा?

पुढें वरचा अन्याय हळूहळू दूर झाला. 1921 मध्यें मुंबई इलाख्याचें शिक्षणखातें रँग्लर परांजपे यांच्याकडे मंत्री या नात्यानें आलें, आणि 1924 मध्यें ली कमिशननें विलायती भरती बंद करण्याची शिफारस केली. तरी माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांना कर्जत तालुक्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं स्वतः शाळा काढाव्या लागल्या. 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीस बळी पडले. खात्याचा सूत्रधार आपला झाला, तरी खेड्यांतील उणीव भरून निघाली नव्हती, याची या शाळाच साक्ष देतात.

म्हणून या खात्याचा इतिहास लिहितांना प्राध्यापकांच्या यादीबरोबर गांवच्या शाळेचा हजेरीपटही वाचला पाहिजे. तेथें शिकविणारा कोण होता आणि वाडीवरचें मूल त्या पटावर होतें कीं नाहीं, हे प्रश्न भांडारकरांवरील अन्यायाइतकेच मोठे आहेत.