पायरी आणि टेबल

गोखिवरे नाक्यावर रिक्षा मिळाली नाही म्हणून कुरकुरू नका, आज ती नकोच आहे. तुंगारेश्वराचा डोंगर पाठीशी ठेवून पश्चिमेला चालायला लागा. औद्योगिक गाळ्यांतल्या मशीनचा आवाज विरत जाईल, डांबराची माती होईल, दोन्ही बाजूंना भातखाचरांचे बांध दिसू लागतील. रुळांपाशी पोचलात की स्टेशनचं नाव वाचा : बेसीन रोड, म्हणजे आपलं वसई रोड. साल १९१८. युरोपात महायुद्ध चालू आहे, इथे महागाई आहे आणि तुम्हाला पेरणीसाठी कर्ज हवंय.

सवयीने तुमचे पाय आधी सावकाराच्या पेढीकडे वळतात. वळू द्या. पण आज पैशांऐवजी पेढीचं बांधकाम बघा. रस्त्यापासून चार पायऱ्या, वर ओटा, आत पांढरी गादी, लोड, उतरत्या झाकणाची पेटी, लाल फडक्यात बांधलेल्या चोपड्या. सावकार गादीवर, मुनीम गादीच्या कडेला आणि तुम्ही खालच्या पायरीवर. बोलायचं तर मान वर करावी लागते. उघडी चोपडी बरोबर तुमच्या डोळ्यांसमोर येते, फक्त तिचं तोंड मुनिमाकडे असतं, त्यामुळे अक्षरं उलटी दिसतात. अंगठा उठवायला सुलटी असण्याची गरजही नसते म्हणा! १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी असल्याच अंगठ्यांची कर्जखतं सावकारांकडून काढून घेऊन जाळली. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला त्यानंतरही १९०४ साल उजाडलं.

बँक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते : एल्फिन्स्टन सर्कलच्या दगडी कमानी, टाउन हॉलचे भरभक्कम खांब. तसलं काही पाहिलं की धीर येतो, हे खरं. पण कापसाच्या तेजीत शेअरांवर भरमसाट कर्जं वाटून बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली, ती काही चुन्यात कसर राहिली म्हणून नव्हे.

चला, रुळांपलीकडच्या पापडी गावाला. वाटेत केळीच्या वाड्या, पानमळे, विहिरीवर राहाट ओढणारे बैल. मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी याच वर्षी इथे जी संस्था सुरू केली, ती पुढे बेसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढणार आहे. तुम्ही खांब शोधता, कमान शोधता. इथली ओळखीची भारदस्त वास्तू एकच, आवर लेडी ऑफ ग्रेस चर्च. माझ्या मते बँकेचं जोतंही तेच; विटा-सिमेंट नंतरचं. कुणाचा पानमळा करपला, कुणी राहाटाचा बैल विकला, कुणाकडे लग्न निघालंय, हे चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अंगणात सगळ्यांना कळतं. पत जोखायला याहून मोठं दालन कशाला हवं?

आणि हे काही वसईपुरतं नाही. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये, लेव्ही गावात, अल्फोन्स देजार्दें यांनी १९०१ च्या जानेवारीत आपली पतपेढी राहत्या घरातच उघडली. जर्मनीत रायफायझन यांनी त्याआधीच खेड्यातल्या सोसायट्यांना अमर्याद जबाबदारीचं तत्त्व लावलं होतं : एकाने बुडवलं तर सगळ्यांनी भरायचं. म्हणजे प्रत्येकाचं घर, प्रत्येकाचं शेत हीच तिजोरीची भिंत. आपल्याकडचा १९०४ चा कायदाही खेड्यांसाठी याच वाटेने गेला.

तुम्ही मात्र गोखिवऱ्याचे. नावातलं ‘कॅथलिक’ वाचून तुमचा पाय दारातच घुटमळतो. साहजिक आहे. ओळखीवर उभ्या राहिलेल्या घराला बाहेरच्याची ओळख पटायला वेळ लागतो, आणि सहकाराचं कौतुक करताना आपण ही गोष्ट जरा झाकूनच ठेवतो.

तरी पायरीवर बसणं संपलं, हा बदल लहान नव्हे. इथे मध्ये टेबल आहे, दोघेही खुर्चीत, वही मधोमध. मागितली तर फिरवून दाखवतात.

आता परत या, रूळ ओलांडून आजच्या गोखिवऱ्यात. कुठल्याही सहकारी बँकेत शिरा. काच, एसी, टोकनचं यंत्र. कर्जाचा अर्ज पुढे सरकवा. बाई तो चाळतात, चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, “जामीनदार दोन लागतील. कोण कोण आहेत?”