परळची यीस्ट, रिसालीची गोळी

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश रक्तरोगतज्ज्ञ मुंबईत आल्या. येथील गरीब गरोदर स्त्रिया एका विशिष्ट रक्तक्षयाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांचे लक्ष या स्त्रियांच्या ताटाकडे गेले. त्यात भाजीपाला जवळजवळ नव्हताच. तसाच आहार दिलेल्या माकडाचा रक्तक्षय मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने बरा झाला आणि पुढे रुग्ण स्त्रियाही सुधारल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील नेमका घटक कोणता, हे मात्र गूढच होते. लोक त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढण्यात आला. पानावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल. चाळिशीच्या मध्यास तो प्रयोगशाळेत घडवणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे नेतृत्व भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते.

भिलाईलगतच्या रिसालीत, किंबहुना छत्तीसगड-विदर्भाच्या साऱ्या पट्ट्यात, या रेणूला आणखी एक काम आहे. येथे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची जेमतेम १० ते २०. अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि त्यासाठी फॉलिक आम्ल खर्ची पडते. म्हणूनच अशा मुलांना ही गोळी बहुधा रोज, वर्षानुवर्षे दिली जाते. लहान मूल रोज गोळी गिळेल का, हा प्रश्न घरोघरी पडतो.

जिभेवर विरघळणारी गोळी ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये आली. औषधाचे द्रावण गोठवून, निर्वातात सुकवून ती बनवत, पद्धत महागडी. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परवडणारे मार्ग निराळे आहेत. क्रॉसपोव्हिडोनसारखा पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळला की तो लाळ शोषून गोळी फोडतो. दुसरी युक्ती तर आपल्या देवघरातली वाटावी. मिश्रणात कापूर घालून गोळी दाबायची, मग निर्वातात ऊब द्यायची. कापूर उडून जातो, मागे सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून लाळ झटकन आत शिरते. अमेरिकेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी गोळी सुमारे ३० सेकंदांत विघटित व्हावी.

फॉलिक आम्लाची मात्रा मिलिग्रॅममध्ये असल्याने ते अशा गोळीत सहज मावते. अडचण ते सर्व गोळ्यांत सारखे मिसळण्याची. लोहाचे तसे नाही. त्याची मात्रा मोठी आणि चव धातूसारखी, त्यामुळे गर्भवतींची लोह-फॉलिक आम्लाची तांबडी गोळी अजून गिळावीच लागते. माझ्या मते खरे आव्हान तिथेच आहे.

गोळी जिभेवर विरघळली म्हणजे जीवनसत्त्व तोंडातूनच रक्तात गेले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात फॉलिक आम्ल लाळेबरोबर गिळले जाते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषले जाते. फरक पडतो तो गिळण्याच्या सोयीचा. आणि ती सच्छिद्र गोळी हवेतील ओलावाही तितक्याच उत्साहाने पिते. पावसाळ्यात पाकिटातून आधीच काढून कागदाच्या पुडीत बांधलेली गोळी घरी पोहोचेपर्यंत भुसभुशीत होऊ शकते.