घरगुती इन्व्हर्टर

घरगुती इन्व्हर्टर ही वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरातील दिवे, पंखे आणि लहान उपकरणे काही तास चालू ठेवणारी बॅटरी-आधारित व्यवस्था आहे. पुरवठा सुरू असताना ती बॅटरीत ऊर्जा साठवते. पुरवठा बंद पडताच बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून ती ऊर्जा घराला देते. काटेकोर अर्थाने ‘इन्व्हर्टर’ हे केवळ प्रवाहाचे रूपांतर करणाऱ्या यंत्राचे नाव आहे. व्यवहारात मात्र यंत्र, बॅटरी आणि जोडणी या सर्वांना मिळून इन्व्हर्टर म्हटले जाते. इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही. आधी साठवलेली वीजच तो परत देतो, म्हणून त्याची उपयुक्तता बॅटरीच्या आकाराइतकीच घरातील भार किती कमी ठेवता येतो यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

विद्युत अधिनियम, २००३ नुसार ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची पुनर्रचना झाली. सूत्रधारी कंपनीसह महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच सुमारास राज्यात विजेची मागणी आणि उपलब्धता यांतील तूट मोठी होती. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ पासून बंद होता आणि ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन केले जात असे. वीजहानी व थकबाकीचे प्रमाण पाहून विभागांचे गट पाडले जात, आणि अधिक हानी असलेल्या गटांच्या वाट्याला अधिक तासांचे भारनियमन येई. या काळात इन्व्हर्टर ही शहरी चैनीची वस्तू न राहता निमशहरी आणि ग्रामीण घरांतही दिसू लागली.

पुढे नियमित भारनियमन कमी झाले, तरी एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आणि उन्हाळ्यातील वाढलेली मागणी यांमुळे राज्यात ते काही प्रमाणात पुन्हा करावे लागले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील पुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. शिक्षण आणि कार्यालयीन काम घरातून चालत असताना राउटर व संगणक सुरू राहणे किती आवश्यक झाले आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

शहापूर–मुरबाड परिसर

वाशिंद हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर खडवली आणि आसनगाव या स्थानकांच्या दरम्यान आहे. शहापूर तालुक्यातच भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. तथापि वीजनिर्मिती केंद्र जवळ असल्याने घरचा पुरवठा अखंड राहतोच असे नाही. निर्माण झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि गावाला ती उपकेंद्र, ११ किलोव्होल्टची वाहिनी आणि रोहित्र या टप्प्यांतून मिळते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर बिघाड झाला, तर पुढचा पुरवठा बंद पडतो.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचा, जंगलाचा आणि विखुरलेल्या पाड्यांचा भाग मोठा आहे. अशा प्रदेशात उघड्या वाहिन्यांना लांबचे अंतर कापावे लागते. वादळी वाऱ्यात फांद्या तारांवर पडणे, वीज कोसळून चिनी मातीचे इन्सुलेटर फुटणे, खांब वाकणे ही पावसाळ्यातील खंडिततेची सर्वसाधारण कारणे आहेत. दोष शोधण्यासाठी वाहिनीची पायी पाहणी करावी लागते आणि अंधारात किंवा पूर आलेल्या ओढ्यापलीकडे ती लांबते. पावसाळ्यापूर्वी देखभालीसाठी पुरवठा मुद्दाम बंद ठेवला जातो, मात्र त्याची पूर्वसूचना मिळत असल्याने त्याची तयारी करता येते.

रचना

इन्व्हर्टरमध्ये चार्जर, रूपांतरक आणि बदलकळ असे तीन मुख्य भाग असतात. पुरवठा बंद होताच बदलकळ घराचा ठरावीक भार बॅटरीवर आणते. शुद्ध साइन तरंग देणारी यंत्रे पंखे, संगणक आणि वैद्यकीय उपकरणे यांना मानवतात. चौरस तरंगाची यंत्रे स्वस्त असतात, पण त्यांवर पंखे गुणगुणतात आणि मोटारी अधिक तापतात.

ग्रामीण वाहिन्यांवर कमी दाबाचा प्रश्न वेगळा असतो. अनेक यंत्रांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन स्थिती असतात. पहिल्या स्थितीत दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला, तर यंत्र पुरवठा नाही असे समजून बॅटरीवर जाते. परिणामी वीज असूनही बॅटरी रिकामी होते आणि प्रत्यक्ष खंडिततेच्या वेळी उपयोगी पडत नाही. संगणक नसलेल्या घरांत दाबाची रुंद मर्यादा असलेली ‘नॉर्मल’ स्थिती सोयीची ठरते.

बॅटरीचे प्रकार

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. भारतीय घरांत आजही तिचाच वापर व्यापक आहे. सपाट पट्ट्यांच्या बॅटरीपेक्षा नळीदार (ट्युब्युलर) बॅटरी वारंवार रिकाम्या होण्याचा ताण अधिक सहन करते, म्हणून लांब खंडिततेच्या भागात ती निवडली जाते. अशा बॅटरीसाठी आयएस १३३६९ हे भारतीय मानक आहे. योग्य देखभाल झाल्यास ती साधारण पाच ते सात वर्षे टिकते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असते, लवकर भरते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. तिची सुरुवातीची किंमत अधिक असते. जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर तिला अनुरूप असेलच असे नसल्याने केवळ बॅटरी बदलणे धोक्याचे ठरू शकते.

क्षमतेचे गणित

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरीत नाममात्र १,८०० वॉट-तास ऊर्जा असते. ती पूर्ण रिकामी करणे योग्य नसते आणि रूपांतरणातही काही ऊर्जा वाया जाते. दोन्ही ठिकाणी ८० टक्के धरल्यास सुमारे १,१५० वॉट-तास हाती राहतात. एका मध्यम घराच्या भाराचे उदाहरण पुढे दिले आहे.

| उपकरण | साधे पंखे (वॉट) | बीएलडीसी पंखे (वॉट) |
|---|---|---|
| तीन पंखे | २२५ | ९० |
| पाच एलईडी दिवे | ४५ | ४५ |
| राउटर | १० | १० |
| दोन मोबाइल चार्जर | २० | २० |
| एकूण | ३०० | १६५ |
| मिळणारा अंदाजे वेळ | पावणेचार तास | सात तास |

बॅटरी तीच ठेवून केवळ पंखे बदलल्याने वेळ जवळजवळ दुप्पट होतो. दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी भार कमी करणे हा बहुधा अधिक टिकाऊ उपाय ठरतो. बॅटरीवर छापलेली क्षमता सहसा वीस तासांच्या संथ वापरासाठी असते. जितका प्रवाह अधिक ओढला जातो, तितकी तिची प्रत्यक्ष क्षमता घटते. त्यामुळे मोठ्या भारावर वरील वेळ आणखी कमी होतो.

एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॉटचा असला, तरी सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. म्हणून कूपनलिकेचा पंप, इस्त्री, गिझर आणि मिक्सर इन्व्हर्टरच्या जोडणीबाहेर ठेवले जातात. पंपावर पाणी अवलंबून असलेल्या घरात पुरवठा असतानाच छतावरची टाकी भरून ठेवणे ही बॅटरीइतकीच महत्त्वाची तयारी असते.

रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरण्यास साधारण दहा ते बारा तास लागतात. सकाळी चार तास पुरवठा गेला आणि सायंकाळी पुन्हा गेला, तर दुसऱ्या खेपेस ती अर्धवट भरलेलीच असते.

जोडणी आणि सुरक्षितता

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांसाठी वेगळी फेज तार ओढली जाते. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावे लागते. अर्थिंग आणि योग्य जाडीच्या तारा आवश्यक असतात. आरसीसीबी बसवलेल्या घरात इन्व्हर्टरच्या भाराची न्यूट्रल तार चुकीच्या बाजूने जोडल्यास आरसीसीबी वारंवार पडतो. तो काढून टाकणे हा उपाय नसून जोडणी सुधारणे आवश्यक असते.

सर्वांत गंभीर धोका उलट पुरवठ्याचा आहे. जनरेटर किंवा इन्व्हर्टरची तार दोन्ही टोकांना पिन लावून भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसली, तर वीज घराबाहेरील वाहिनीत जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करत असल्याने घरातील २३० व्होल्टचा दाब पलीकडे हजारो व्होल्टचा होऊ शकतो. पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या जनमित्राचा त्यात जीव जाऊ शकतो. घराचा भार एका वेळी एकाच स्रोताला जोडणारी बदलकळ असणे म्हणूनच अनिवार्य मानले जाते.

शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरी बंद कपाटात, देवघरातील निरंजनाजवळ किंवा स्वयंपाकघरात न ठेवता हवेशीर जागी, फळीवर आणि पुराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवली जाते. तिच्यावर काम करताना बांगड्या व अंगठ्या काढाव्यात आणि आधी यंत्र बंद करावे. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

देखभाल

पाण्याची पातळी दर दोन-तीन महिन्यांनी तपासली जाते आणि ती कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घातले जाते. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे पट्ट्या खराब होतात, तर वरून आम्ल घातल्यास द्रावणाची घनता बिघडते. टोकांवर जमणारी पांढरी-निळसर भुकटी कोमट पाण्याने स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावली जाते. खंडितता विरळ असेल, तर महिन्यातून एकदा घराचा भार मुद्दाम बॅटरीवर चालवून पाहिला जातो. पावसाळ्यापूर्वीच्या या तपासणीत कमकुवत बॅटरी वेळेवर लक्षात येते.

मर्यादा

इन्व्हर्टर ही तासांची सोय आहे, दिवसांची नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. अशा प्रसंगी भरलेली बॅटरी पहिल्या रात्रीपुरतीच पुरते.

घरात प्राणवायू देणारे यंत्र वापरणारा रुग्ण असल्यास ही मर्यादा जिवावर बेतू शकते. पाच लिटर क्षमतेचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॉट वीज घेते. म्हणजे वरील उदाहरणातील संपूर्ण बॅटरी त्या एकाच यंत्राला तीन-साडेतीन तासच पुरते. त्यामुळे भरलेला ऑक्सिजन सिलिंडर जवळ ठेवणे आणि रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक हाताशी असणे आवश्यक ठरते. दार न उघडल्यास बंद फ्रीजमधील गारवा सुमारे चार तास टिकतो. इन्सुलिन ठेवणाऱ्या घरांना याचा उपयोग होतो. बिघाडाची तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते.

सौर ऊर्जेशी जोड

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेमुळे छतावरील सौर संचांचा प्रसार वाढला. परंतु ग्रिडशी जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच पुरवठा जाताच स्वतःही बंद होतो. दुरुस्ती करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तशी रचना केलेली असते. त्यामुळे भर उन्हातही असे घर विजेविना राहते. खंडिततेत वीज हवी असल्यास बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुर्गम पाड्यांवर लहान पॅनेल, बॅटरी आणि दोन-तीन दिवे असा स्वतंत्र संच अधिक व्यवहार्य ठरतो. पावसाळी ढगांत मात्र त्याची निर्मिती बरीच घटते.

विल्हेवाट

जुन्या बॅटरीतील शिसे विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा दुष्परिणाम होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याला परत दिल्यास किमतीत सूट मिळण्याची प्रथा आहे. आम्ल गटारात ओतणे किंवा शिशासाठी बॅटरी घरी फोडणे धोकादायक असते.

हेही पहा

* भारनियमन
* महावितरण
* शिसे-आम्ल बॅटरी
* सौर ऊर्जा
* वाशिंद