गिरणी कामगाराचा घरखर्च आणि सोलापूरचे रकाने

१/ घरखर्चाचे अ‍ॅप निवडताना त्याची किंमत आणि सोय पाहिली जाते. त्यातले रकाने कोणी ठरवले, याचा विचार क्वचितच होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या सोलापुरात मात्र या रकान्यांचा संबंध थेट कामगाराच्या पोटाशी होता.

२/ १८७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘जुन्या मिल’पासून सोलापूर गिरण्यांचे शहर होत गेले. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी कुटुंबे कामासाठी येथे आली. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा हिशेब असे, पण तो वाण्याच्या उधारीच्या वहीत आणि सावकाराच्या खातेवहीत!

३/ १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कचेरी स्थापन केली. मुंबईपाठोपाठ १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी झाली. कुटुंबाची महिन्याची मिळकत आणि खर्च छापील तक्त्यांत उतरू लागला.

४/ रकाने ठरलेले होते : अन्न, सरपण व दिवाबत्ती, कपडे, घरभाडे, किरकोळ. या अभ्यासाची परंपरा युरोपातली. मिळकत वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये दाखवले होते.

५/ सोलापुरात कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारे ४० रुपये निघाली. मुंबईत ती सुमारे ५२ होती. मात्र रोख पगारावरून सारे कळत नव्हते. सोलापूरच्या गिरण्या कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देत. या सवलतीचे मोल धरले नाही, तर जमेची बाजूच चुकत असे.

६/ खर्चाच्या बाजूला अडचण होती कर्जाची. सावकाराचे व्याज गेले ‘किरकोळ’ खर्चात. ज्या घरात पगार हाती येताच व्याज फेडावे लागे, तेथे हा खर्च किरकोळ कसा?

७/ पुढे फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ पाया धरून सोलापूरचा राहणीखर्च निर्देशांक निघू लागला. महागाई भत्त्याच्या वादांत अशा निर्देशांकांचा आधार घेतला गेला. निर्देशांक वस्तूंचे आणि सेवांचे भाव मोजतो; कर्जावरचे व्याज त्यात सहसा धरत नाहीत. जे रकान्यात नाही, त्यासाठी भत्ताही मागता येत नाही.

८/ आजच्या अ‍ॅपमध्येही ‘इतर’ हा रकाना असतोच. कर्जाचा हप्ता, मित्राची उसनवारी, गावी पाठवलेले पैसे यांना वेगळी जागा मिळते का, हे निवडण्यापूर्वी पाहावे. महिनाअखेरीस ‘इतर’ची रक्कम सर्वांत मोठी दिसली, तर आपल्या घराचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या रकान्यांत मांडला गेला आहे, असे खुशाल समजावे.