बेअरची कैफियत

एकास दहा या भावाने ज्याच्या पराभवावर पैजा लागल्या होत्या, जो वर्षभरापूर्वीपर्यंत न्यू जर्सीच्या गोदीत ओझी वाहून आणि तेही काम न मिळेल त्या दिवशी सरकारी मदतीवर विसंबून बायकामुलांना जगवीत होता, तो जेम्स ब्रॅडॉक 13 जून 1935 च्या रात्री न्यू यॉर्कच्या लाँग आयलंड सिटीमध्ये पंधरा फेऱ्या टिकून राहिला, आणि पंचांनी एकमुखाने त्याला मुष्टियुद्धाच्या वजनदार गटाचा जगज्जेता ठरविले. पराभूत विजेता होता मॅक्स बेअर. डेमन रनियन या वृत्तपत्रकाराने ब्रॅडॉकला दिलेले 'सिंड्रेला मॅन' हे टोपणनावच सत्तर वर्षांनी, 2005 साली, रॉन हॉवर्ड या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाला दिले. आणि आज ज्यांना ब्रॅडॉक ठाऊक आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना तो या चित्रपटातूनच ठाऊक आहे.

बखर आणि अस्सल कागद यांचा झगडा मराठी वाचकास नवा नाही; इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळून तो आपल्याला पुरेसा शिकविला आहे. बखरकार चुकतो यात नवल नाही. मौज ही की तो वाटेल तेथे चुकत नाही, कथेला जेथे गरज असते नेमका तेथेच चुकतो. म्हणून या चित्रपटाचे प्रमाद मोजीत बसण्यापेक्षा ते कोठे एकवटले आहेत, हे पाहणे मला अधिक फलदायी वाटते.

नायकाच्या बाबतीत ते थोडे आहेत. ब्रॅडॉक 1905 मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका आयरिश कुटुंबात जन्मला. जुलै 1929 मध्ये टॉमी लॉफ्रनकडून तो विजेतेपदाचा सामना गुणांवर हरला. उजवा हात पुन्हा पुन्हा मोडला. आणि त्याच वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळल्यावर त्याची पुंजीही बुडाली. सप्टेंबर 1933 मध्ये एब फेल्डमनशी झालेली त्याची लढत इतकी निस्तेज झाली की पंचांनी ती रद्द ठरविली आणि त्याचे मानधन रोखले गेले. मग गोदी. अधू उजव्या हातास विसावा देण्यासाठी ओझ्याचा भार डाव्यावर पडला, आणि त्या सक्तीच्या मेहनतीने डावा हात बळकट झाला, असे सांगतात. ही गोष्ट पटकथालेखकाने रचली असती तर आपण हसलो असतो. 14 जून 1934 रोजी, आयत्या वेळी बोलावणे आल्यावर, त्याने कॉर्न ग्रिफिन या उगवत्या मल्लास तिसऱ्या फेरीत लोळविले. पुढे जॉन हेन्री लुइस आणि आर्ट लास्की यांना गुणांवर हरविले. सरकारी मदतीची रक्कम त्याने नंतर परत भरली, हेही खरे आहे. ब्रॅडॉकचा मजूरमित्र माइक विल्सन मात्र कल्पित आहे; बेरोजगारांच्या असंतोषाला एक मुख हवे होते, ते या पात्राने पुरविले.

परंतु 1935 सालच्या खऱ्या शत्रूला मुखच नव्हते. मंदीला रिंगणात उतरविता येत नाही, तिच्या हनुवटीवर ठोसा लगावता येत नाही. म्हणून तिच्या जागी कोणीतरी देहधारी दुष्ट उभा करणे प्राप्त झाले, आणि ते काम मॅक्स बेअरच्या वाट्यास आले. चित्रपटातला बेअर आपल्या ठोशांनी माणसे मेली याची मिजास मिरवितो, आणि भोजनगृहात ब्रॅडॉकच्या पत्नीस तिच्या संभाव्य वैधव्यावरून डिवचतो.

कागद काय सांगतात? ऑगस्ट 1930 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बेअरशी लढताना फ्रँकी कॅम्पबेल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. बेअरला अटक झाली, मनुष्यवधाचा आरोप आला. त्यातून तो सुटला, तरी कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने त्याला वर्षभर लढण्यास मनाई केली. त्या मृत्यूने त्याची झोप उडाली, आणि आपल्या मिळकतीतून त्याने कॅम्पबेलच्या कुटुंबास साहाय्य केले. दुसरा मृत्यू अर्नी शाफचा. बेअरने त्याला ऑगस्ट 1932 मध्ये शिकागोत बेदम मारले, हे निर्विवाद. पण शाफ मरण पावला तो फेब्रुवारी 1933 मध्ये, प्रिमो कार्नेराशी झालेल्या सामन्यानंतर. सहा महिन्यांपूर्वीच्या आघातांचा त्यात किती वाटा होता, हा वाद तेव्हाच सुरू झाला. वाद राहिला बाजूला, आणि 'दोघांचा मारेकरी' ही पदवी बेअरला कायमची चिकटली.

या माणसाचा दुसरा पैलू कथेत बसत नव्हता. 8 जून 1933 रोजी यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगविरुद्ध तो चड्डीवर ज्यूंचा षट्कोनी तारा लावून उतरला आणि दहाव्या फेरीत त्याने लढत संपविली. हिटलरला सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. वृत्तीने बेअर विदूषक होता. ब्रॅडॉकविरुद्धही तो बराचसा माकडचेष्टा करीत लढला, आणि पडद्यावरचा तो रक्तबंबाळ महासंग्राम प्रत्यक्षात बऱ्याच अंशी सावध आणि संथ होता. आळशी विदूषकाला हरविण्यात वीरश्री कोणती? हा प्रश्न पडू नये म्हणून खुनशी बेअर हवा.

नायकाच्या बाजूनेही काही गाळले आहे, आणि ते मला अधिक रसाळ वाटते. विजेतेपद मिळाल्यावर ब्रॅडॉकने दोन वर्षे ते पणास लावलेच नाही. आव्हानाचा हक्क श्मेलिंगचा होता, करारही झाला होता. तरी 22 जून 1937 रोजी शिकागोत ब्रॅडॉक उतरला जो लुइसविरुद्ध. 1915 नंतर प्रथमच एका कृष्णवर्णीयास ही संधी मिळाली. पहिल्या फेरीत त्याने लुइसला खाली पाडले, आठव्या फेरीत स्वतः निपचित पडला. पण त्याचा व्यवस्थापक जो गूल्ड याने संयोजक माइक जेकब्सशी आधीच असा सौदा केला होता की लुइस जिंकल्यास वजनदार गटाच्या सामन्यांतील जेकब्सच्या नफ्याचा दशांश पुढील दहा वर्षे ब्रॅडॉकच्या बाजूस मिळावा. उपाशी दिवस पाहिलेल्या माणसाने केलेला हा व्यवहार मला मुळीच हीन वाटत नाही. मात्र परीकथेच्या नायकाला करारनामा शोभत नाही, एवढे खरे.

बेअरवरील आरोपपत्राची सारी जबाबदारी मात्र 2005 च्या चित्रपटावर टाकता येणार नाही. 1956 साली बड शुलबर्गच्या कादंबरीवरून 'द हार्डर दे फॉल' हा चित्रपट निघाला, हम्फ्री बोगार्टचा अखेरचा. त्यात एक क्रूर विजेता आहे. आपण आधी जायबंदी केलेला मल्ल दुसऱ्याच्या हातून मेला आणि त्या मरणाचे श्रेय त्या दुसऱ्याला मिळाले, यावर तो संतापतो. शाफचे प्रकरण यात ओळखू न येईल असे नाही. आणि ही भूमिका केली कोणी? खुद्द मॅक्स बेअरने! आपल्याच बदनामीच्या संहितेवर त्याने अशी स्वहस्ते मोहोर उमटविली. त्या कथेतील भाबडा राक्षसदेही मल्ल आपल्यावरूनच बेतला आहे, अशी फिर्याद कार्नेराने न्यायालयात गुदरली. ती टिकली नाही. बेअरने तशी काहीच तक्रार केली नाही. तीन वर्षांनी, पन्नाशीत, हॉलिवूडमधील एका हॉटेलात तो हृदयविकाराने वारला, आणि त्याची कैफियत मांडण्याचे काम 2005 नंतर त्याच्या मुलाला, नट मॅक्स बेअर ज्युनियर याला, मुलाखती देत करावे लागले.